घराला दिलेला ताण

मुलांनो,

परवा फोनवर तुमच्या आवाजात काळजी होती. तिकडे ओळखीतल्या कुणाकुणाच्या नोकऱ्या जात आहेत, बाजार कसा घसरतो आहे, पुढच्या दिवसांसाठी तुम्ही काय काय बाजूला ठेवता आहात, हे सगळं सांगून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "आजी, तुम्ही लोक वाईट दिवसांची तयारी कशी करायचात?" मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. हातात पेन असल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज टेबल आवरून लिहायला बसले, तर उत्तर राहिलं बाजूला आणि एक माणूसच समोर येऊन बसला. पांढरं धोतर, वर तपकिरी कोट, आणि कोटाच्या खिशात वाळलेली संत्र्याची सालं. ते आले की आधी तो वास यायचा.

हे आमचे घरमालक. सक्करदऱ्याला, तलावाच्या अलीकडे त्यांचं घर होतं. खाली ते आणि काकू, वरच्या दोन खोल्यांत आम्ही. मी लग्न होऊन नागपूरला आले आणि काही दिवसांतच आम्ही त्या घरात राहायला गेलो, मग तिथून आमचं बिऱ्हाड पुष्कळ वर्षं हललं नाही. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

खोल्या पाहायला गेलो त्या दिवशी त्यांनी तुमच्या आजोबांना ना पगार विचारला, ना जात. अंगणात बाजेवर बसवलं, बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या आजोबानं मंदी पाह्यली होती का?"

हे गोंधळले. सरकारी कचेरीतला माणूस, असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "विचारलं नाही कधी," ते म्हणाले.

"विचारून घ्याजा. ज्याच्या घरी सांगनारं कोणी नाई, थो पयला बुडते." आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, वरती हवा चांगली हाय. सामान कवा आणता?"

त्यांचा व्यवसाय संत्र्याचा, पण त्यांची स्वतःची बाग नव्हती. काटोलकडच्या बागा फुलल्या की व्यापारी झाडावरचा माल उभ्याउभ्या विकत घेत. फळ अजून फूल असे, तेव्हाच सौदा व्हायचा. यातली किती फुलं गळतील, किती फळं धरतील, माल निघेल तेव्हा दूरच्या बाजारात काय भाव असेल, सगळं अंदाजावर. तो अंदाज करायला काकाजींना नेत. ते झाडाभोवती सावकाश फिरत, फुलाचं देठ दाताखाली धरत, डोळे मिटत, आणि सांगत. तरुणपणी त्यांनी स्वतःसाठीही असे सौदे केले होते, आणि एका हंगामात होतं नव्हतं ते घालवलं होतं. म्हणून काकूंच्या वडिलांनी हे घर बांधून दिलं ते काकूंच्या नावावर. याचा उल्लेख काकाजी स्वतःच करायचे, कुठलाही संकोच न बाळगता. "मी माझ्या बायकोचा किरायदार हावो," म्हणायचे. "तुमी वरचे, मी खालचा."

त्यांच्या डोक्यात एक लाट होती. आता मी तुम्हाला ती समजावून सांगते, म्हणजे त्यांनी मला जशी सांगितली तशी. थंडीच्या दिवसांत आम्ही सगळे गच्चीवर उन्हाला बसत असू. मी शाळेतल्या मुलींचे निबंध तपासत असायची, काकू गहू निवडत असायच्या, आणि काकाजी बाजेवर उताणे पडून आभाळाशी बोलावं तसं बोलत असायचे. त्यांचं म्हणणं असं, की बाजारात लहान लाटा रोज येतात आणि जातात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. पण त्यांच्या खाली एक मोठी लाट असते, माणसाच्या आयुष्याएवढी लांब. अर्धं आयुष्य ती चढते, अर्धं आयुष्य उतरते. ती इतकी सावकाश हलते की तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाला जमीन सपाटच वाटते.

"एवढी लांब का?" मी एकदा विचारलं.

"सोपं हाय, बाई. ज्यानं मंदी पाह्यली, थो भेऊन भेऊन जगते. त्याचं पोरगं थोडं कमी भेते. नातू भेतच नाई. नातू दुकान मांडते, अन् मंदी येते."

त्यांनी ती पाहिली होती. त्यांच्या लहानपणी एका वर्षी संत्र्याला भावच राहिला नाही. माल बाजारात न्यायचं गाडीभाडंसुद्धा निघेना. त्यांच्या वडिलांनी तोडलेली सगळी संत्री विहिरीशेजारी ओतून दिली. "पिवळा डोंगर झाला होता, बाई. पोट्टे त्याच्यावर चढत अन् घसरत. मीबी. अन् माय माही तिकडे बसून रडून राह्यली होती. तवा मले समजलं नाई काहून." हे सांगताना त्यांचा आवाज जड होत नसे. उलट ते हसत, आणि डोळे मिटून घेत, जणू अजून त्या डोंगरावरून घसरत खाली येत आहेत.

मी एकदा वाचनालयातून अर्थशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात अशाच लांब लाटांवर एक प्रकरण होतं. त्या खरोखर असतात की माणसाला भास होतो, यावर परदेशातल्या विद्वानांचा वाद चालला होता. मी मोठ्या उत्साहाने ते सगळं काकाजींना मराठीत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्या साहेबाच्या गावात संत्रे होते का?"

"नसावीत."

"मंग त्याले बिचाऱ्याले भल्ली मेहनत पडली असन."

लाट कुठवर आली हे ओळखायच्या त्यांच्या खुणा वर्तमानपत्रात सापडणाऱ्या नव्हत्या. एकदा तुमच्या आजोबांना घेऊन ते इतवारीत गेले. हे घरी आले ते दमून. "काय पाहिलंत?" मी विचारलं. "स्टुलं," हे म्हणाले. काकाजींनी त्यांना दुपारभर बाजारातून फिरवून दाखवलं होतं, की कुठला दुकानदार गिऱ्हाइकाला बसायला स्टूल पुढे करतो आणि कुठला करत नाही. तेजीत कुणी स्टूल देत नाही, दुकानदाराला वेळ नसतो. बाजार उतरू लागला की हळूहळू सगळ्या दुकानांतून स्टुलं बाहेर येतात. मंदीच्या तळाला दुकानदार स्टूल देतो, चहा मागवतो आणि मुलांची चौकशी करतो. "मंदीत माणसं चांगली होतात, असं त्यांचं म्हणणं," हे मोजे काढत म्हणाले. "मला ते खरं वाटलं, आणि म्हणून जरा वाईट वाटलं."

संध्याकाळी काकाजी तलावावर जात. कधी कधी मीही जात असे. पाणी अगदी निश्चल असे, पलीकडच्या झाडांच्या सावल्या त्यात उलट्या उभ्या असत. ते काठावर उकिडवे बसत आणि बऱ्याच वेळाने म्हणत, "चढून राह्यली." किंवा, "आता थांबली." मी पाण्याकडे पाहत राही. मला काहीच दिसत नसे. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. लाट म्हणजे काय हे त्यांनी त्या तळ्यापाशी बसून, मनानेच रचलं होतं. पुढे मी प्रथम समुद्र पाहिला तेव्हा मला तो काहीसा घाईचा वाटला.

पण ज्या गोष्टीमुळे गल्ली त्यांना वेडं म्हणायची ती वेगळी होती. ती सांगायची तर आधी संत्र्याच्या झाडाबद्दल सांगायला हवं.

संत्र्याला सारखं पाणी देत राहिलं तर ते नुसतीच पानं काढतं, फुलत नाही. म्हणून थंडीत बागेचं पाणी काही आठवडे बंद करतात. जमिनीला भेगा पडतात, पानं मलूल होतात, झाड हातचं जातंय असं वाटायला लागतं. याला ताण देणं म्हणतात. मग योग्य दिवस पाहून पाणी सोडायचं, म्हणजे ताण तोडायचा. की झाड अंगभर फुलतं. सगळी कला तो दिवस ओळखण्यात. आधी तोडला तर फूल येत नाही, फार लांबवला तर झाड वाळतं.

काकाजी दर वर्षी घराला ताण देत.

मार्गशीर्ष लागला की सुरू. घरात साखर यायची नाही, गहू यायचा नाही, रिक्षा करायची नाही. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, चहाऐवजी संत्र्याच्या वाळल्या सालीचा काढा. दळण घरच्या जात्यावर. संध्याकाळी दिवेलागणीला काकाजी स्वतः उठून विजेचा मेन स्विच खाली ओढत आणि कंदील लावत. संक्रांतीच्या दिवशी सकाळी स्विच वर, तिळगूळ, पुरणपोळी, आणि काकूंना नवं लुगडं. "मंदी येईन तवा आपल्याले सवय पाह्यजे," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

आता अडचण अशी होती, की वरच्या मजल्याची वीजही त्याच स्विचवर होती. पहिल्याच वर्षी आम्ही अंधारात बसलो. तुमच्या आजोबांनी नुकताच रेडिओ घेतला होता, त्यांचा सगळा जीव त्यात. ते अतिशय सभ्यपणे, पण निश्चयाने, तक्रार करायला खाली गेले. बऱ्याच वेळाने परत आले ते हातात कंदील घेऊन, काढा पिऊन.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते म्हणाले, बातम्या ऐकून मंदी लवकर येते का उशिरा?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काढा संपवला. बरा होता."

दुसऱ्या वर्षी काकाजींनी वरची तार वेगळी करून दिली. पण तोवर आम्हालाच त्या कंदिलांची ओढ लागली होती. अजून डोळे मिटले की ते पौषातले दिवस दिसतात. तलावावरून धुकं घरात शिरायचं, जात्याची घरघर खालून वर यायची, सालीच्या काढ्याचा वास, आणि कंदिलाच्या उजेडात प्रत्येक वस्तूला आपापली मोठी सावली. घर तेव्हा पाण्यावर तरंगतंय असं वाटायचं.

काकूंना मात्र असं काही वाटत नसावं. त्या जाड भिंगाच्या चष्म्यातून नवऱ्याकडे पाहत आणि ऐकवत, "लाट येईन तवा येईन जी, मी त कवापासून भिजूनच राह्यली."

"सवय झाली ना?"

"झाडाले बरं हाय. थे बोलत नाई."

"बोलत असतं त तुह्याइतकं गोड बोललं नसतं वं," काकाजी म्हणत, आणि काकू जातं जोरात फिरवायला लागत. हसू लपवायची त्यांची ती रीत होती.

आणि तरीही त्या शिकल्या. रिठ्याने कपडे धुणं, एका लाकडावर सगळा स्वयंपाक, राखेने भांडी घासणं, राळ्याचा भात, रानभाज्या. मध्यंतरी सलग दोन-तीन वर्षं पाऊस नीट झाला नाही, रेशनवर लाल ज्वारी मिळू लागली आणि गल्लीतल्या बायका ती कशी रांधायची म्हणून कपाळाला हात लावून बसल्या, तेव्हा त्या सगळ्या काकूंच्या ओट्यावर येत. काकू ज्वारी कशी भिजवायची ते सांगत, आणि मागच्या दाराने मंदीसाठी भरून ठेवलेल्या आपल्या धान्याच्या कोठीतली ओंजळ-ओंजळ देतही असत. काकाजी म्हणत होते, की ही मोठी मंदी नव्हे, ही लहान आहे, कोठीला हात लावायचा नाही. पण रोज दुपारी नेमके त्याच वेळी ते गच्चीवर जाऊन, तोंडावर टॉवेल टाकून झोपत. काकूंचं वाटून झालं की खाली उतरत. या बाबतीत नवरा-बायकोत एक शब्दही कधी झाला नाही.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हाची ही गोष्ट. एका वर्षी संक्रांत होऊन गेल्यावर काकाजी बाजारातून आले ते वेगळेच. कोट न काढताच अंगणात फेऱ्या मारू लागले. आम्हाला खाली बोलावलं.

"तळ लागला," ते म्हणाले. "इतवारीत जिकडे जावो तिकडे स्टूल. चहा पाजून राह्यले. आता खाली जागा नाई. आता चढनार. आता पानी सोडाचं."

"म्हणजे काय करायचं?" यांनी विचारलं.

काटोलच्या पुढे एक मोठी बाग होती. तिचा सबंध बहार फुलावरच घ्यायचा. जन्मभर दुसऱ्यांसाठी अंदाज केले, आता एकदाच स्वतःसाठी करायचा. आणि त्यासाठी हे घर विकायचं. गिऱ्हाईक तयार होतं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की क्षणभर मलाही ती पांढरी फुललेली बाग आमच्या अंगणात उभी दिसली.

मग मी काकूंकडे पाहिलं. घर त्यांच्या नावावर होतं. त्यांनी सही केली नसती तर विषय तिथेच संपला असता. त्या सांडगे घालत होत्या. हातातला संपवला, पाट बाजूला सारला आणि म्हणाल्या, "कुठी कराची सही, थे सांगा."

दोन दिवसांनी मी खाली गेले तर काकूंची आवराआवर पूर्ण झाली होती. सगळा संसार दोन पेट्या आणि एका गाठोड्यात बसवलेला. फोडणीची पळी, जात्याचा खुंटा, देव, दोन लुगडी. भिंतीवरचे खिळेसुद्धा काढून एका डबीत. मला आवराआवरीची आवड आहे, हे तुम्ही जाणता. पण इतकं नीट आवरलेलं घर पाहून मला रडू आलं.

"काकू, नाही म्हणा ना. तुमचं घर आहे."

"काहून नाई म्हनू?"

"कुठे राहाल?"

"एक खोली पाह्यली पलीकडे. बरी हाय. चूल मांडता येते." त्यांनी गाठोड्याची गाठ घट्ट केली. "वीस वर्सं सांगून राह्यले थे, घर जाईन, दाना जाईन, तयार राह्य. झाली तयार. आता नाई म्हनू, त तयार कायच्यासाठी झाली वं?"

मी डबीतले खिळे पाहत बसले.

"एक करजा," त्या म्हणाल्या. "ऐतवारच्या दिवशी थे बाग पाहाले जाऊन राह्यले. शाळेले सुट्टीच हाय, तुमी जा संगं. अडवाले नाई. उन्हात चक्कर येते त्यायले."

म्हणून मी गेले. संक्रांत होऊन पंधरवडा-तीन आठवडे झाले असतील. बसमध्ये काकाजी खिडकीशी बसून बाहेर पाहत होते. काटोलला उतरून बैलगाडी केली. बाग दिसायच्या आधी वास आला. मी त्याचं वर्णन करायचा प्रयत्न सोडून दिला आहे. तो वास नाकाने घेतला जात नाही, त्यात शिरावं लागतं. आत गेल्यावर सगळीकडे पांढरं आणि हिरवं, आणि मधमाश्यांचा एकसारखा आवाज, इतका सारखा की थोड्या वेळाने तो शांततेसारखाच ऐकू येऊ लागला. झाडांच्या आळ्यांतलं पाणी नुकतंच जिरलं होतं. काळी माती ओली होती आणि तिच्यावर पाकळ्या पडत होत्या.

बागवाला आनंदी माणूस होता, काकाजींना पूर्वीपासून ओळखणारा. "पाहा जी निवांत," म्हणाला. "ताण असा बसला यंदा, का मीच भेलो होतो. अन् तोडला, त हे असं."

काकाजी झाडाझाडातून हिंडले. देठ दाताखाली धरलं, माती मुठीत दाबून पाहिली, फांद्यांच्या आत डोकं घालून उभे राहिले. मी काही अंतरावरून मागे चालत होते. शेवटी विहिरीजवळच्या एका झाडाखाली ते खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर ते वर फुलांकडे पाहत होते.

"कशी आहे बाग?" मी विचारलं.

"अशी बाग जनमात नाई पाह्यली, बाई."

"मग?"

एक पाकळी त्यांच्या कोटावर पडली, दुसरी पडली.

"पेट्या भरून ठेवल्या तिनं," ते म्हणाले. "पाह्यल्या का तुमी? खिळेबी काढले."

"पाहिल्या."

"मले वाटलं रडन. भांडन. बापाचं नाव घेईन. नाई." त्यांनी मुठीतली माती सोडून दिली. "मंदी बाजारातून येईन म्हणून मी तिले तयार करून राह्यलो होतो. अन् येऊन राह्यलो त मीच."

मधमाश्यांचा आवाज तेवढा चालू होता. त्या दिवसाचा मला सगळ्यात स्पष्ट आठवतो तो तेवढा वेळ, त्या झाडाखालचा. घड्याळ माझ्या हातात होतं, पण मी पाहिलं नाही.

बागवाला पाणी घेऊन आला. "मंग जी? बसाचं का बोलाले?"

"नाई गा. नाई घेत मी."

"काहून जी? भाव जास्त वाटते?"

"कमी सांगून राह्यला तू. थोडा वाढव."

"मंग बागेत खोट हाय का काही?"

"बाग सोनं हाय. दुसऱ्याले दे." ते उठले, धोतर झटकलं, आणि झाडाच्या खोडावर एकदा थाप दिली, जशी बैलाच्या पाठीवर देतात. बागवाला माझ्याकडे पाहू लागला, बाईंनी काही सांगितलं की काय म्हणून. मी नकारार्थी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये ते झोपले. डोकं माझ्या खांद्यावर आलं. कोटावरच्या पाकळ्या तशाच होत्या, मी त्या उचलल्या नाहीत.

काकू दारातच उभ्या होत्या. "कशी होती बाग?" त्यांनी विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे पाहिलं. पण मी तोंड उघडायच्या आधी काकाजी चपला काढत म्हणाले, "कायची बाग वं. ताण लांबवला होता त्यानं. झाडं वाळून राह्यले. नाई घेतली."

"बरं," काकू म्हणाल्या. "हात धुवा. भाकरी गरम हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून ठोकण्याचा आवाज येत होता. काकू खिळे परत भिंतीत मारत होत्या, आणि काकाजी स्टूल धरून उभे होते.

त्या बागेला त्या वर्षी उदंड माल आला, आणि काकाजींचा अंदाज खरा ठरून भावही चढले. ज्याने तो बहार घेतला तो मोठा झाला. हे आम्हाला कळलं ते असं, की दिवाळीनंतर एका दुपारी तो बागवाला संत्र्यांची करंडी घेऊन दारात आला. काकाजी बाहेर गेले होते. "त्याच बागेचे हायत, काकू," तो म्हणाला. "सोनं म्हणाले होते काकाजी, सोनंच निघालं. त्यायनं घेतली असती त आज..." काकूंनी त्याला बसायला दिलं, चहा केला, त्याच्या मुलांची चौकशी केली. तो गेल्यावर मला हाक मारली आणि आम्ही दोघींनी मिळून गल्लीत सगळी करंडी वाटून टाकली. करंडीसुद्धा कुणाला तरी देऊन टाकली. काकाजी घरी आले तेव्हा घरात एकही संत्रं नव्हतं. त्यांनी हवेत वास घेतला, काकूंकडे पाहिलं, आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर त्यांनी घराला ताण दिला नाही. तलावावर मात्र जात राहिले. मोठी लाट चढली, उतरली, की ती मुळात नव्हतीच, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. ऐंशीनंतरच्या एका थंडीत, दुपारच्या उन्हात गच्चीवर पडल्यापडल्या ते गेले. काकू म्हणाल्या, झोपेत हसत होते.

पुढच्या माघात एका रविवारी त्या वर आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, हातात पिशवी. "बाई, काटोलले येता का माह्यासंगं?"

मी लगेच चपला घातल्या. बस, मग गाडी. बागवाला आता थकला होता, पण त्याने ओळखलं. काकू आत शिरल्या आणि झाडांमधून हळूहळू चालत राहिल्या, प्रत्येक खोडाला हात लावत. पांढऱ्या फुलांखाली त्यांचे केस कुठले आणि पाकळ्या कुठल्या हे मला लांबून कळेना.

"कुठी बसले होते थे?" त्यांनी विचारलं.

मी विहिरीजवळचं झाड दाखवलं. त्या तिथे खाली बसल्या, पाय पसरून, घरच्यासारख्या. बराच वेळ वर पाहत राहिल्या.

"चांगली होती वं बाग," त्या म्हणाल्या.

मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि एकेक झाड नीट पाहायला लागल्या.